दुकानात बॅटरी संपते, रविवारी संपत नाही: स्मार्ट प्लगच्या संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी, लग्नाचे ब्लाउज न्यायला आलेली, आणि माझा फोन बंद. यूपीआयचे पैसे आले की नाही हे मला फोनवरच बघावं लागतं. रक्कम बोलून दाखवणारा डबा मी घेतलेला नाही, त्याचं दर महिन्याचं भाडं भरणं मला पटत नाही. एका बाईंनी त्यांच्या फोनवरची हिरवी खूण दाखवली, मी विश्वासानं ब्लाउज दिला. दुसऱ्या "उद्या येते" म्हणाल्या आणि सोमवारी आल्या. सकाळी दहाला शंभर टक्के भरून आणलेला, ५००० एमएएचचा फोन साडेपाचला मरतो याचा मला इतका संताप आला की त्याच रात्री हे लिहायला घेतलं.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. गेल्या नवरात्रात मी फोनवरच्या ॲपनं चालवायच्या वस्तूंचा हा संच घेतला: १६ अँपिअरचे दोन प्लग, एक बल्ब, दाराला लावायचा एक सेन्सर आणि एक छोटा कॅमेरा. सगळे मिळून ६४०० रुपये. संचात काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट वापराबद्दल सांगते.

मोटारीच्या प्लगनं माझे पैसे वसूल केले आहेत, हे आधी सांगून टाकते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते हौदात भरायचं आणि मोटार लावून वरच्या टाकीत चढवायचं. पूर्वी मोटार लावून मी पोळ्यांना बसले की हमखास विसरायची, टाकी वाहायची आणि शेजारच्या काकूंच्या भिंतीवर ओल यायची. आता प्लग बावीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. आठ महिन्यांत एकदाही टाकी वाहिली नाही. गीझरचा प्लगही चोख आहे. वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार त्यांच्या ॲपबद्दल आहे.

फेब्रुवारीपासून फोन लवकर उतरायला लागला. आधी चारपर्यंत तीसच्या आसपास, मग दहा, मग बंद. मार्चमध्ये कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी, दार उघडल्याची सूचना फोनवर उशिरा येत होती म्हणून. तिथल्या मुलानं सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन ॲपची बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड", म्हणजे बिनबंधनाची, करा. मी केली. सूचना वेळेवर यायला लागल्या आणि फोन आणखी लवकर संपायला लागला. पुन्हा फोन केला तर म्हणाला, ॲप काढून परत टाका. तीनदा काढून टाकलं. तिसऱ्यांदा म्हणाला, मॅडम, हा फोनचा प्रश्न आहे.

म्हणून एप्रिलमध्ये फोन घेऊन जेल रोडला मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं हातात घेऊन दोन मिनिटांत निदान केलं: "दीदी, बैटरी बैठ गई है, गर्मी भी तो देखो." मी त्याला सांगितलं की रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, फोन ठीक चालतो. त्यानं ऐकून घेतलं नाही. २३०० रुपये देऊन नवी बॅटरी टाकली. तिसऱ्या दिवशी चार वाजता फोन दहा टक्क्यांवर. जुनी बॅटरी परत मागितली तर म्हणे, टाकून दिली. हे २३०० रुपये मला अजून डाचतात. त्या पैशात दुकानाला एक चांगली इस्त्री आली असती.

मग मी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर नोंदी ठेवायला सुरुवात केली. दुकानातला एक दिवस: दहाला १००, एकला ७१, चारला ३८, सातला ९. ॲप फोर्स स्टॉप करून, म्हणजे पूर्ण बंद पाडून, दुसरा दिवस: १००, ९१, ८२, ७०. म्हणजे दोष ॲपचाच, एवढं पक्कं झालं. फोनच्या बॅटरीच्या पानावर त्याच ॲपसमोर लिहिलं होतं: स्क्रीनवर ६ मिनिटं, बॅकग्राउंडला ९ तास ४० मिनिटं. मी दिवसात सहा मिनिटं उघडलेलं ॲप दिवसभर मागं जागं राहत होतं.

माझं मत असं झालं की दोष कॅमेऱ्याचा आणि त्या "अनरिस्ट्रिक्टेड"चा आहे. त्याला आधारही होता. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, डोझ नावाची सोय आहे. फोन बराच वेळ पडून राहिला की तो ॲप्सचं इंटरनेट आणि बरीचशी कामं थांबवतो आणि मधून मधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम मोकळं सोडतो. "अनरिस्ट्रिक्टेड" केलेल्या ॲपला यातून सूट मिळते. फोन झोपलेला असतानाही ते इंटरनेट वापरू शकतं आणि प्रोसेसरला जागं ठेवू शकतं. हेल्पलाइनच्या मुलानं हे मला सांगायला हवं होतं. सूचना वेळेवर हवी असेल तर त्याची किंमत बॅटरीनं मोजावी लागेल, हे एक वाक्य तरी. शिवाय ॲपची कायम राहणारी सूचना वरून दिसेनाशी झाली म्हणजे ॲप थांबलं असंही नाही. अँड्रॉइड १३ पासून ती सूचना बोटानं सरकवून काढता येते, पण मागचं काम चालूच राहतं.

इथवर मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "कॅमेरा घेऊ नका" असं म्हटलं होतं. ते मत मागे घेते. पुढचं जूनमध्ये लिहिते आहे.

ॲप "रिस्ट्रिक्टेड" केलं, कॅमेरा आठवडाभर काढून ठेवला. दुकानात चारचा आकडा ३८ वरून ४७ झाला, बस. आणि दाराची सूचना मात्र कधी अर्ध्या तासानं, कधी मी ॲप उघडल्यावरच. म्हणजे तोटा दोन्हीकडून.

वही चाळताना रविवार पुन्हा नजरेत आला. प्रत्येक रविवारी रात्री आठला ५५ च्या वर. आधी वाटलं, रविवारी फोन कमी वापरते म्हणून असेल. पण एका गुरुवारी दुकान बंद ठेवून सुदामानगरला धाकट्या दिरांकडे गेले होते. दिवसभर व्हिडिओ कॉल, फोटो, जाता येता नकाशा, आणि तरी रात्री ४६. वापर भरपूर आणि बॅटरी शिल्लक. घरी ठीक, सुदामानगरला ठीक, फक्त दुकानात संपते. वाय-फाय म्हणावं तर ते सुदामानगरलाही नव्हतं, मोबाइल डेटाच होता.

उत्तर सासूबाईंनी एप्रिलमध्येच दिलं होतं, मी नीट ऐकलं नव्हतं. त्या दारासमोरच्या ओट्यावर गहू निवडत बसतात. त्यांनी मला दोनदा सांगितलं, "अगं, तू दुकानात गेलीस की हा दिवा आपोआप लागतो न् विझतो. वायरिंग बघून घे, आग लागायची." मी इलेक्ट्रिशियन बोलावला, त्यानं होल्डर तपासला, २०० रुपये घेतले आणि सगळं ठीक आहे म्हणाला. ठीकच होतं. त्या होल्डरमध्ये या संचातलाच बल्ब आहे.

फेब्रुवारीत लग्नाच्या ऑर्डरींमुळे यायला उशीर व्हायचा, ओट्यावर अंधार असायचा, म्हणून मी ॲपमधली "घरी आल्यावर दिवा लावा" ही सोय चालू केली होती. घराभोवती नकाशावर एक वर्तुळ असतं. फोन आत आला की दिवा लागतो, बाहेर गेला की विझतो. त्यासाठी ॲपला लोकेशनची परवानगी "अलाउ ऑल द टाइम" अशी द्यावी लागते. मी वर्तुळ सगळ्यात लहान ठेवलं होतं, १०० मीटरचं, म्हणजे घरापासून रेघेपर्यंत १०० मीटर. दुकान पलीकडच्या गल्लीत, चालत चार मिनिटं, म्हणून ते वर्तुळाच्या बरंच बाहेर असेल असं मी धरून चालले. पण चालताना मी कोपऱ्यावरून वळसा घेते. मागच्या भिंतीवरून सरळ मोजलं तर अंतर शंभर मीटरच्या आसपासच आहे. ॲपमधला नकाशा दोन बोटांनी मोठा करून पाहिला तेव्हा वर्तुळाची निळी रेघ माझ्या दुकानातून, जवळपास कटिंगच्या टेबलावरून गेलेली दिसली. त्याच टेबलावर कात्रीशेजारी फोन दिवसभर ठेवलेला असतो.

छताखाली जीपीएस पक्कं लागत नाही. फोन आसपासच्या वाय-फायवरून आणि टॉवरवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज वीस ते पन्नास मीटर इकडेतिकडे सरकतो. फोन टेबलावर पडून आहे आणि त्याच्या हिशोबानं मी दिवसभर घरी येते आहे, घरातून जाते आहे. भाच्यानं प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडून दाखवला (अँड्रॉइड १२ पासून तो असतो, कोणत्या ॲपनं गेल्या चोवीस तासांत लोकेशन कधी घेतलं ते त्यात दिसतं). त्यात या ॲपच्या नावाखाली २:०३, २:०७, २:०९, २:१४ अशी रांग, अंगठ्यानं कितीतरी वेळ सरकवावी लागली. "मामी, हे तर मिनिटामिनिटाला विचारतंय," तो म्हणाला. ॲपच्या इतिहासात त्या एका दिवशी "आगमन" ४३ वेळा होतं. मी त्या दिवशी जेवायला एकदा घरी आले होते.

वर्तुळावर लक्ष ठेवण्याचं काम अँड्रॉइडमध्ये एकत्रित, बऱ्यापैकी काटकसरीनं होतं. महाग पडतं ते रेघ ओलांडल्यावर ॲप जे करतं ते: फोन जागा करायचा, पक्कं लोकेशन घ्यायचं, मोबाइल डेटावरून कंपनीच्या सर्व्हरला कळवायचं, बल्बला निरोप द्यायचा. दिवसातून दोनदा झालं तर काही वाटत नाही. चाळीस-पन्नास वेळा झालं की माझ्यासारखी गत होते. यावर उपायही माहीत असलेला आहे. अँड्रॉइडसाठी ॲप बनवणाऱ्यांना गूगलचा सल्लाच आहे की वर्तुळ १०० ते १५० मीटरपेक्षा लहान ठेवू नका, आणि नुसतं आत शिरणं न धरता माणूस काही मिनिटं आत थांबला तरच आला असं धरा. हे काही मिनिटांचं थांबणं या ॲपमध्ये कुठेच नाही. मी कंपनीला मापांच्या वहीच्या पानाचा फोटो, नकाशाचा फोटो आणि इतिहासाची पानं पाठवली. उत्तर आलं, "आपली सूचना नोंदवली आहे." ही सूचना नव्हती, दोष होता, आणि तो सापडेपर्यंत माझे अडीच हजार गेले.

खात्री करायला वर्तुळ २०० मीटरचं केलं. परवानगी तीच, कॅमेरा परत लावलेला, बॅटरी पुन्हा "अनरिस्ट्रिक्टेड". दुकान पूर्ण आत आलं. त्या दिवशी चारला ७८. कॅमेऱ्याबद्दलचं माझं मत तिथेच गेलं, आणि "अनरिस्ट्रिक्टेड" एकट्यानं एवढं खात नव्हतं हेही कळलं. रेघ टेबलावर नसली की ॲप शांत असतं.

पण २०० मीटरचा मला उपयोग नाही, कारण रोज रात्री मी दुकानातूनच घरी येते, म्हणजे वर्तुळातून वर्तुळातच, आणि दिवा लागत नाही. शेवटी फोनला या कामातून काढूनच टाकलं. संचातला दाराचा सेन्सर आतल्या खोलीला लावला होता, तो ओट्याच्या जाळीच्या दाराला लावला: संध्याकाळी साडेसहानंतर जाळी उघडली की दिवा, दहा मिनिटांनी बंद. त्याला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल लागतो आणि नवरात्रात टाकलेला अजून चालू आहे. पाऊस थेट लागू नये म्हणून सेन्सर चौकटीच्या आतल्या बाजूला बसवला. तिथे तिरका पाऊस येतो का ते या पावसाळ्यात कळेल. लोकेशनची परवानगी आता "फक्त ॲप वापरताना". दाराच्या सूचना वेळेवर येतात, कारण त्यांचा आणि लोकेशनचा संबंधच नव्हता.

भाचा म्हणतो, होम असिस्टंट टाकून घे. अशा वस्तू चालवणारं ते २०१३ पासूनचं, फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे, घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, आणि त्याच्या फोनमधल्या ॲपात लोकेशनसारखा फोनचा प्रत्येक सेन्सर वेगळा बंद करता येतो. ते मला आवडलं. पण ते चालवायला अजून एक यंत्र घ्यायचं, ते चोवीस तास चालू ठेवायचं, इतका खर्च एका दिव्यासाठी मी करणार नाही. पुढचा प्लग घेईन तेव्हा मात्र डब्यावर मॅटरची खूण बघेन. २०२२ साली आलेल्या त्या पद्धतीत वस्तू घरातल्या घरात एकमेकींशी बोलू शकतात.

हाच संच असेल आणि फोन लवकर संपत असेल, तर बॅटरी बदलायला जाण्याआधी ॲपचा इतिहास उघडून "आगमन" मोजा. तुम्ही दिवसभर जिथे बसता ती जागा रेघेजवळ आहे का ते नकाशा मोठा करून बघा, आणि अंतर चालण्याचं धरू नका, सरळ रेषेत मोजा. घरातलं कोणी दिवा उगाच लागतो म्हणत असेल तर तेही लक्षात घ्या.

सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वायरिंग चांगली आहे ना?" चांगली आहे. काल रात्री दुकानाला कुलूप लावताना आठ वाजले होते आणि फोन ५८ वर होता. घरी आले, जाळी ढकलली, दिवा लागला.