बोलेरो पिकअपचे मागचे शॉकअप: तेलाचे की गॅसचे, आणि घरी बसवताना कुठे चुकतं

बोलेरो पिकअपचे मागचे शॉकअप मागितले की काउंटरवर दोन प्रकार येतात, साधे तेलाचे आणि गॅसचे. आत बांधणी साधारण सारखीच, नळीत नळी. गॅसवाल्यात तेलाच्या वर हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन असतो, एवढाच काय तो फरक. खड्ड्यांतून दांडा सारखा आत-बाहेर झाला की हवा तेलात मिसळून फेस होतो आणि शॉकअपचा जोर उतरतो. नायट्रोजनच्या दाबामुळे हा फेस लवकर होत नाही. शेतातून, मुरमाच्या रस्त्यावरून रोज भरून गाडी निघत असेल तर गॅसला जास्तीचे पैसे द्यावेत. डांबरावरूनच बाजार समितीला जाऊन येणाऱ्या गाडीला तेलाचे पुरतात.

"गॅसवाल्याने गाडी मागून उचलते" असं दुकानात सांगतात, त्यावर जाऊ नका. वजन पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पेलतात. शॉकअपचं काम पाट्यांची उसळी मारण्याचं, बस. पाटे बसलेत म्हणून शॉकअप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. तसंच रिकामी पिकअप मागून दणके देते तो दोष शॉकअपचा नाही, भरलेल्या मालासाठी केलेल्या कडक पाट्यांचा आहे. नवे टाकूनही ती दणके देणारच.

मग शॉकअप गेला हे ओळखायचं कसं? कारसारखं मागून दाबून सोडायची युक्ती इथे चालत नाही, कडक पाटे दबतच नाहीत. वळणावर खड्डा आला की मागची बाजू आडवी सरकते का, स्पीडब्रेकरनंतर चाक दोन-तीनदा आपटतं का, टायरवर हाताला चढउतार लागतात का, ते बघा. नळीवर धुळीचा पातळ ओलसर थर चालतो. तेलाचा ओघळ खालच्या बुशपर्यंत (टोकाच्या कडीतल्या रबरापर्यंत) आला असेल तर बदलायचा, आणि जोडीनेच. एक नवा, एक जुना ठेवला तर दोन्ही बाजूंना आवर सारखा राहत नाही.

ब्रँडचं म्हणाल तर गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या धंद्यात आहे, चाकण आणि नाशिकला त्यांचे कारखाने आहेत. मनरोही मिळतो. दोन्हींपैकी कुठलाही चालेल, पण खोका सीलबंद हवा, छापील किंमत वाचता यायला हवी आणि पक्कं बिल हवं. अशा सुट्या भागांत नकली माल बराच फिरतो. जुना शॉकअप सोबत नेऊन कडीची रुंदी, बुशचं भोक आणि दांडा पूर्ण बाहेर काढल्यावरची लांबी जुळवून घ्या. पाट्यांत जादा पाटा टाकलेला असेल तर ही लांबी फार महत्त्वाची. रिकाम्या गाडीची उंची वाढते, मूळ मापाचा शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेलाच राहतो, आणि प्रत्येक खड्ड्याला शेवटाला आपटून कडीचा जोड नाहीतर बुश फाटतो. अशा गाडीवर कुठलाही ब्रँड टिकत नाही.

बसवणी घरी सहज होते. उलट मागच्या कामाला गाडी उचलूच नका. खाली शिरायला जागा असते आणि वजन पाट्यांवरच राहतं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे, गिअरमध्ये गाडी. जॅक लावायचाच असेल तर तो हौसिंगखाली (मागच्या ॲक्सलच्या खोळीखाली), आणि शिवाय घोडीचा (लोखंडी स्टँडचा) टेकू दिल्याशिवाय आत शिरायचं नाही. चॅसी उचलून शॉकअप सोडला तर हौसिंग खाली लोंबतं आणि ब्रेकचा होज ताणला जातो.

आदल्या संध्याकाळी चारही नटांवर गंज सुटायचं तेल मारा. कोकणातली गाडी असेल तर दोनदा. नट बहुधा १७ किंवा १९ च्या पान्याचे. गोटी (सॉकेट पाना) नटावर पूर्ण बसवून, पाइप लावून, झटका न देता ओढा. वरची पिन चॅसीच्या ब्रॅकेटला जोडलेली असते. ती तुटली तर वेल्डरच लागतो, शिवाय जवळून ब्रेकची नळी आणि वायरिंग गेलेली. नट हलत नसेल तर छन्नीने किंवा करवतीने नट कापा, पिन वाचवा. बुशची आतली लोखंडी नळी पिनवर गंजून अडकली की रबर फाटून कडी हातात येते आणि नळी तिथेच राहते. तिला लांबीत एक काप देऊन उघडायची. शॉकअपच्या नळीला मात्र ग्राइंडर लावायचा नाही. आत दाबाखालचं तेल असतं, ठिणगीने पेटूही शकतं.

आता नवा शॉकअप. दुकानात तो आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. तेलाचा असेल तर उभा धरून दांडा पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, पुन्हा उभा. चार-पाच वेळा, मधला पोकळ टप्पा जाईपर्यंत. गॅसवाल्याचा दांडा दाबून धरणारा पट्टा दोन्ही टोकं अडकल्यावरच कापा. दांडा पकडीने धरू नका. क्रोमवर ओरखडा गेला की सील कापला जातो आणि थोड्याच दिवसांत तेल गळतं. "नवा शॉकअप खराब निघाला" या तक्रारीतला मोठा भाग इथला असतो.

उरलेला भाग बुशचा. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाला (आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा), लॉकनट नवे वापरा आणि शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. लोंबत्या हौसिंगवर घट्ट केलं की गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि तसंच फाटत जातं. पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा.

पुढेही पाटे असलेल्या गाडीला हीच पद्धत. इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच्या पुढच्या बाजूला मात्र शॉकअपभोवती दाबलेली स्प्रिंग असते. ती बाजारातल्या हलक्या क्लॅम्पने घरी उघडायची नाही, ते काम गॅरेजला द्या.