नागपूरच्या लांब मुक्कामासाठी ई-व्हिसा, एंट्री व्हिसा की ओसीआय? पत्त्याच्या नोंदणीच्या बाजूने तुलना

परदेशी पासपोर्ट घेतलेला मुलगा, तिकडेच जन्मलेली नात किंवा नवी परदेशी सून यंदा जरा लांबच्या मुक्कामाला येणार असं ठरलं, की घरात आधी तिकिटाचं बोलणं निघतं आणि मग व्हिसाच्या फीचं. पत्ता पोलिसांकडे नोंदवायचा का, कुणी, किती दिवसांत, हा विषय पाहुणे घरी पोचल्यावर निघतो. तोवर कागद हातात पडलेला असतो आणि निवडायला काही उरलेलं नसतं. माझ्या मते फीचा हिशोब नंतर करावा. एका खेपेला सलग किती दिवस राहणार आणि त्या काळात पत्ता बदलणार का, या दोन प्रश्नांवर बहुतेक निवड आपोआप होते.

त्याआधी तिन्ही पर्यायांना सारखीच लागू असलेली एक गोष्ट, कारण ती पाहुण्याच्या नव्हे, यजमानाच्या गळ्यात आहे. परदेशी नागरिक तुमच्या घरी राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. यालाच सगळे सी फॉर्म म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे गेले, तरी बोलण्यात सी फॉर्मच राहिला आहे. हे काम सीताबर्डीच्या हॉटेलवाल्यांचं, असा आपल्याकडे पक्का समज. प्रत्यक्षात धर्मशाळा, वसतिगृह, दवाखाना आणि राहतं घर, सगळेच त्यात येतात. पाहुणा पोटचा पोरगा असला तरी पासपोर्ट निळा अमेरिकन असेल तर तो कायद्याने परदेशी. ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, हे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड असलेलाही परदेशीच.

सी फॉर्मसाठी घरमालकाला आधी पोर्टलवर स्वतःचं खातं उघडावं लागतं. रात्री दोनला मुंबईहून गाडी दारात आल्यावर ते उघडायला बसू नये, आठवडाभर आधी उरकावं. फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात आल्याची तारीख, तुमच्याकडे पोचल्याची तारीख असं सगळं मागतात. शेवटच्या दोन तारखा वेगळ्या असू शकतात, दिल्लीत मामाकडे दोन दिवस थांबून आलेल्यांच्या असतातच. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची सवय असते आणि तिकडच्या पासपोर्टवर ते कधी असतं, कधी नसतं. भरून झालं की त्याची प्रिंट काढून ठेवा, पुढे ती लागते.

आता पर्याय.

ई-टुरिस्ट व्हिसा सगळ्यात सोपा. घरबसल्या मिळतो, नातेवाइकांना भेटणं त्याच्या उद्देशात बसतं, पाच वर्षांचाही असतो, आणि ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या विमानतळांच्या यादीत नागपूरही आहे. पण पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षांचा मुक्काम नव्हे. एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांच्या वर राहता येत नाही, शिवाय एका खेपेच्या मुक्कामाची अट मंजुरीपत्रावर असते ती वेगळी वाचावी. त्या हद्दीत राहिलं तर परदेशी नोंदणी कार्यालयाशी पाहुण्याचा संबंध येत नाही, यजमानाचा सी फॉर्म तेवढा. पत्ता बदलला, म्हणजे धरमपेठेतून बहिणीकडे मनीषनगरला राहायला गेला, तर नव्या घरच्यांनी सी फॉर्म भरायचा. मात्र इथे येऊन मग मुक्काम वाढवू, हा बेत या व्हिसावर करू नये. ई-टुरिस्ट व्हिसाला मुदतवाढ नाही, आणि मुदत संपल्यावर राहिल्यास नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा, भारतीय वंशाच्या माणसाला आणि भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळतो. खरी कागदपत्रं इथे आहेत. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. अपवाद असा की व्हिसावरच ‘प्रत्येक मुक्काम १८० दिवसांच्या आत’ असं लिहिलेलं असलं तर नोंदणी लागत नाही. पण मग मुक्काम त्यापलीकडे न्यायचा झाला तर १८० दिवस पुरे व्हायच्या आत हालचाल करावी लागते. म्हणून व्हिसा हातात आला की त्यावरची ती बारीक ओळ आधी वाचा. एकाच घरात आलेल्या दोघांच्या व्हिसावर वेगवेगळ्या अटी असू शकतात.

नोंदणी ई-एफआरआरओ या परदेशी नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर होते. २०१८ पासून बहुतेक काम तिथेच चालतं, रांग लावायची गरज सहसा पडत नाही. अधिकार मात्र जागेवरून ठरतो. नागपूर शहराचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, तर काटोल, रामटेक, सावनेरचं ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. म्हणजे सून पहिले तीन महिने शहरातल्या फ्लॅटवर आणि पुढे काटोलला सासरच्या संत्र्याच्या वाडीवरच्या घरी राहणार असेल, तर मधे पत्ता बदलल्याचं कळवायचं, आणि प्रकरण दुसऱ्या कार्यालयाकडे जातं. एकाच जिल्ह्यात आहे ना, मग काय फरक पडतो, असं म्हणून चालत नाही.

आणि पत्त्याचा पुरावा! पासपोर्ट, व्हिसा, फोटो हे सगळं पाहुण्याजवळ असतंच. अडतं ते वीजबिलावर. नागपुरातल्या कितीतरी जुन्या घरांचं महावितरणचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं. बिल भरलं जातं, लाइट चालू असते, नाव कोण बदलतो? आता तेच बिल, यजमानाचं ओळखपत्र आणि ‘हा माझ्याकडे राहतो’ असं पत्र एकत्र लावलं की आडनाव सोडून काहीच जुळत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचा करार आणि संमती गोळा करणं आलं. नाव बदलायचा अर्ज पाहुण्याचं तिकीट काढायच्या आधी टाका, हा माझा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला समजा.

ओसीआय कार्डाला यातलं जवळपास काही नाही. कितीही दिवस राहा, परदेशी नोंदणी लागत नाही. जो ओसीआयधारक नेहमी इथेच राहतो त्याने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला की नोंदणी कार्यालयाला ईमेलने कळवायचं, हे २०२१ च्या अधिसूचनेत आहे. तेवढंच. कार्ड महाग पडतं, अमेरिकेतून काढलं तर २७५ डॉलर आणि वर सेवाशुल्क, आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतीय असल्याचा पुरावा शोधताना जुन्या पेट्या उघडाव्या लागतात. पण एकदाचा त्रास आहे. कार्ड घेतलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, वाडीत पैसे घालायचं डोक्यात असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं. परदेशी जोडीदाराला ओसीआय हवं तर लग्न नोंदलेलं आणि दोन वर्षं पूर्ण झालेलं लागतं. कुणाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर हा रस्ता बंद.

आपल्या शहराला व्हिसाच्या मुदतीचा प्रश्न नवा नाही म्हणा. जपानहून आलेले भदंत सुरई ससाई इथे राहत असताना त्यांच्या व्हिसाचं प्रकरण ऐंशीच्या दशकात कोर्टात गेलं होतं. पुढे त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. आणि हा जाच फक्त आपल्याकडेच आहे, असंही नाही. नातवाला सांभाळायला अमेरिकेत गेलेल्या आई-बाबांना घेऊन मुलाने घर बदललं, तर त्यांचा नवा पत्ता दहा दिवसांत एआर-११ फॉर्मवर कळवायचा असतो. किती जण कळवतात ते सोडा.

मग कुणी काय घ्यावं? मुलगा किंवा नात दरवर्षी महिना-दोन महिने येत असतील तर ई-टुरिस्ट व्हिसा पुरे, उगाच ओसीआयच्या मागे लागू नये. आई-बाबांच्या आजारपणात किती काळ राहावं लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, अशा घराने मात्र ओसीआयच काढावं, कारण तिथे दिवस मोजत बसणं परवडत नाही. नुकतंच लग्न झालेल्या परदेशी सुनेला किंवा जावयाला एंट्री व्हिसाशिवाय लांब मुक्कामाचा धड पर्याय नाही, तेव्हा १४ दिवस आणि वीजबिल या दोन गोष्टींची तयारी ठेवून यावं, आणि दोन वर्षं झाली की ओसीआयचा अर्ज टाकावा. ओसीआयला पात्र असूनही घाईत यायचं असेल तर आत्ता ई-व्हिसावर येऊन जावं, आणि परत गेल्यावर तिकडूनच अर्ज करावा. पुढच्या खेपेपर्यंत कार्ड हातात असतं.