एकच ३ इंची ड्रायव्हर की वूफर-ट्वीटरची जोडी?

नुसता गळा ऐकायचा असेल, तर मला ३ इंची फुल-रेंज स्पीकरच (सगळे स्वर एकाच ड्रायव्हरमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या एकाच भागातून देणारा) जवळचा वाटतो. क्रॉसओव्हर (खालचे आणि उंच स्वर वेगळे करणारं सर्किट) नसल्याने सगळा आवाज एकाच जागेवरून येतो. टू-वेमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांचा वूफर आणि उंच स्वरांचा ट्वीटर अशा जोडीत, साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास काम वूफरकडून ट्वीटरकडे जातं. जुळणी कच्ची असेल तर सांधा कळतो.

पण डग्ग्यावर घुमारा आला की चित्र पालटतं. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. छोट्या कोनला ते झेपत नाही, आणि गाणंही तोच वाजवत असल्याने गळाही गढूळ होतो. इथे ६ इंची वूफर सरळ जिंकतो.

तपासायला २०० हर्ट्झपासून ४० पर्यंत उतरणारा साइन स्वर (एका वेळी एकच वारंवारता असलेला) हळू आवाजात लावा. स्वर कुठे विरतो ते टिपा. फडफड ऐकू आली तर लगेच थांबवा, ड्रायव्हर खराब होऊ शकतो. मग पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला, धबधब्यासारखा आवाज) लावून समोरून बाजूला चालत जा. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर, ३ इंची कोनपेक्षा बरीच लहान, म्हणून त्या कोनचा वरचा आवाज बाजूला झपाट्याने मंदावतो. १ इंची ट्वीटरचा बराच टिकतो.