कॉख की फार्न्सवर्थ: मोर्स शिकण्याच्या दोन पद्धती

हौशी रेडिओचालकाला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, आलीच पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय बंधन २००३ मध्ये सैल होऊन निर्णय ज्या त्या देशावर सोपवला गेला. तरीही स्वेच्छेने शिकू पाहणाऱ्यापुढे कॉख पद्धत निवडावी की फार्न्सवर्थ, हा प्रश्न उभा राहतोच. दोन्हींमध्ये अक्षर पहिल्यापासून वेगातच ऐकवले जाते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात टिंब जेमतेम ६० मिलिसेकंदांचे आणि रेघ त्याच्या तिप्पट असल्याने मोजायला सवड मिळत नाही, आणि अक्षर एक अखंड नाद म्हणून कानात बसते. (टिंब-रेघांचा तक्ता पाठ करणाऱ्यांची गाडी बहुधा या मोजणीतच अडते.)

१९३० च्या दशकात जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी मांडलेल्या पद्धतीत अक्षरांमधील अंतरही वेगाला साजेसेच राहते; मात्र आरंभ केवळ दोन अक्षरांनी होतो, बहुधा 'के' (डा-डि-डा; डा म्हणजे रेघ, डि म्हणजे टिंब) आणि 'एम' (डा-डा) यांनी, आणि सुमारे ९० टक्के अक्षरे अचूक टिपता आल्यावरच तिसरे येते. सुरुवातीचे दिवस त्यामुळे कंटाळवाणे जातात. फार्न्सवर्थ पद्धतीत अक्षरांमधील व शब्दांमधील विराम ताणलेले असतात, म्हणून संथ संभाषणात लवकर भाग घेता येतो. पण त्या विरामात मन पुन्हा टिंबे-रेघा मोजू लागते आणि विराम आखडले की गोंधळ उडतो. रोज पंधरा-वीस मिनिटे नेमाने देऊ शकणाऱ्याने कॉखच निवडावी, असे मला वाटते. ताणलेले विराम नव्या अक्षराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतेच उसने घ्यावेत.