सीडरचे गोळे: वासाला पैकीच्या पैकी, राखणीला जेमतेम

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या या लाकडी गोळ्यांना पाचपैकी दोन तारे. दोन्ही तारे वासाचे.

चोवीस गोळ्यांचं खोकं, 449 रुपये, सोबत पॉलिश पेपरचा तुकडा. गोळे गुळगुळीत, रंगाला पिवळट-तांबूस. खोकं उघडलं की नव्या पेन्सिली तासल्यासारखा वास येतो. कपाट उघडावंसं वाटतं, हे खरंच. पण खोक्यावर नुसतं ‘सीडर’ लिहिलंय, कुठल्या झाडाचं लाकूड ते नाही. आपल्याकडचा हिमालयातला देवदार वेगळा आणि अमेरिकेत कपाटांना वापरतात तो ‘रेड सीडर’ वेगळा, तो तर ज्युनिपरच्या जातीचा. साडेचारशे रुपये मोजणाऱ्याला एवढं सांगायला काय हरकत होती?

आम्ही नाशिककर. इथली थंडी दोन-अडीच महिन्यांची, मग स्वेटर, शाली, घोंगडी सगळं कपाटात जातं ते पुढच्या दिवाळीनंतरच बाहेर येतं. मधे अख्खा पावसाळा. अंधार, दमट हवा आणि महिनोन्‌महिने कुणी हात न लावलेली लोकर. कसरीला आणखी काय लागतं?

आधी कसर ओळखायला हवी. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे बारके पतंग बहुतेक धान्यातले असतात, तांदळाच्या डब्यातून आलेले. त्यांच्यामागे चप्पल घेऊन धावू नका, डबे तपासा. लोकरीचा पतंग फिक्या सोनेरी रंगाचा, जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा, आणि उजेडाला लाजणारा. कपडा उचलला की उडण्याऐवजी घडीत पळतो. बरं, तो स्वतः काही खातच नाही. खाते ती त्याची अळी. लोकर, केस, पिसं यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, ते तिला पचतं. भिंतीवर सिमेंटच्या रंगाचं चपटं घर ओढत चालणारी अळी तुम्ही पाहिली असेलच. ती याच गोतावळ्यातली, तिलाही लोकर चालते.

गोळ्यांची खरी परीक्षा झाली ती आमच्या ह्यांच्या मरून हाफ स्वेटरवर. ह्यांची सवय अशी की संध्याकाळी फिरून आले की स्वेटर काढायचा, घडी घालायची आणि थेट कप्प्यात. धुणं वगैरे भानगड नाही. त्या कप्प्यात सांगितल्याप्रमाणे सहा गोळे होते. गणपतीच्या आवराआवरीत कप्पा उपसला तर स्वेटरला गळ्यापाशी आणि काखेत भोकं. घडीच्या आत पांढुरक्या रेशमी जाळीच्या नळ्या, आणि त्यांच्याभोवती रव्याहून बारीक मरून कण. ती अळीची विष्ठा. जो रंग खाल्ला त्याच रंगाची पडते! एका नळीपासून गोळा दोन बोटांवर होता.

त्याच कप्प्यातला माझा मोरपंखी कार्डिगन मात्र शाबूत. तो रिठ्याच्या पाण्यात धुऊन, खडखडीत वाळवून ठेवलेला होता. घाम आणि आमटीचे शिंतोडे लागलेली लोकर अळीला जास्त मानवते, म्हणून भोकं नेमकी गळ्याला आणि काखेला. म्हणजे कार्डिगन वाचला तो रिठ्यामुळे, याचं श्रेय मी गोळ्यांना देणार नाही.

लाकडातलं तेल अगदी नव्या, बारक्या अळ्यांना त्रास देतं, तेही पेटी घट्ट बंद असेल आणि वास उग्र असेल तर. मोठ्या अळीला आणि अंड्यांना त्याचं काही वाटत नाही. वास उतरला की गोळे पॉलिश पेपरने घासा, असं खोक्यावर लिहिलंय. घासले की थोडे दिवस पुन्हा वास येतो, भुसा सगळीकडे होतो, आणि प्लायवूडच्या कपाटाच्या फटींतून तो वास निघून जातो. आजीची पत्र्याची ट्रंक वेगळी. झाकण घट्ट, त्यामुळे आतल्या डांबरगोळ्यांचा वायू आतच कोंडून राहायचा. डांबरगोळ्या काम करतात यात शंका नाही, पण त्या कपड्यांच्या वर ठेवायच्या, कारण तो वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली उतरतो. घरात तान्हं बाळ असेल तर मात्र डांबरगोळी नकोच. काही बाळांमध्ये जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वायूने फुटतात आणि कावीळ वाढते. नात झाल्यापासून मी घरात एकही ठेवलेली नाही.

दुसऱ्या कप्प्यात वेखंड होतं, भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं. जुन्या पोथ्यांच्या रुमालात ठेवतात तेच. कांड्या ठेचून मलमलच्या पुरचुंडीत बांधल्या. खर्च गोळ्यांच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी. तिथे कसर दिसली नाही, पण तिथले सगळे कपडे धुतलेले होते, त्यामुळे वेखंडाचाही फार डंका पिटत नाही. वास तोही उडतो, दर दोन-तीन महिन्यांनी पुरचुंडी बदलावी लागते.

स्वेटर वाचला तो फ्रीजरमुळे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड बांधून मटारच्या शेजारी दोन आठवडे. उणे 18 अंशांना एवढे दिवस राहिलं की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लोकरीवर दव धरतं. लहान फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात हे जमत नाही, तिथे तेवढी थंडी धरत नाही. आणि वीज सारखी जात असेल तर या वाटेला जाऊच नका. भोकं रफूवाल्याकडून भरून घेतली, काखेतलं तर शोधावं लागतं.

आता मी काय करते? एप्रिल-मेच्या कडक उन्हात सगळं उलटं करून वाळत घालते, शिवणी आणि कॉलर ब्रशने झाडते, थंड झालं की चेनच्या जाड पिशव्यांत बंद करते. पावसाळ्यात भरलं तर आतच बुरशी येते, म्हणून उन्हाळ्यातच. घोंगडीला जरा जास्त वेळ देते. तिला चिंचोक्याची खळ असते, आणि खळीवर चंदेरी किडेही येतात.

सत्काराच्या शालींची काळजी करू नका. आमच्याकडे ढीग आहे. एक धागा काढून पेटवून बघा: केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. आमच्या ढिगातली एकच लोकरीची निघाली. बाकीच्यांना अळी तोंडही लावणार नाही.

गोळे परत घेणार नाही. कुणी भेट दिलेच तर सुती पिशवीत घालून ठेवा, फिक्या लोकरीला लाकूड थेट टेकलं तर तेलाचे डाग पडू शकतात. आमचे चोवीसच्या चोवीस सध्या चपलांच्या कपाटात आहेत, आणि त्या कामाला मात्र पाचपैकी पाच.