टिकटॉक पिन, किटलीतली चकती की मेण? आपोआप उघडणाऱ्या खिडकीसाठी काय घ्यावं

जळगावच्या फुले मार्केटमध्ये केसांच्या टिकटॉक पिना पुठ्ठ्यावर लावून मिळतात. त्यातली एक घ्या आणि मधलं पातं अंगठ्यानं अगदी हळू दाबा. आधी पिन विरोध करते, मग पातं जरा डगमगतं, आणि एका क्षणी अंगठा मागेच राहतो, पिन स्वतःच पलीकडे उडी मारते. टक्. या 'टक्'चं काय करता येईल, हा भाच्याचा प्रश्न होता.

भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी त्याला हे 'टक्'च वापरायचं होतं. दाजींची शिरपूरकडे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे. पॉलिहाऊसला एक छोटी खिडकी हवी, ३५ अंशांच्या वर आपोआप उघडणारी, मोटर नको आणि सेन्सर नको. शेतीच्या फीडरला वीज पाळीनं येते, ऊन कोणाची पाळी बघत नाही. त्यानं चार पर्याय काढले होते आणि "मामा, यातला कोणता?" म्हणून विचारत होता. असंच काही करायच्या विचारात कोणी असेल, म्हणून इथे मांडतो.

कॉलेजात बकलिंग, म्हणजे दाबाखाली वस्तू एकदम बाजूला वाकणं, शिकवतात ते टाळण्यासाठी. गणितज्ञ ऑयलरनं १७४४ साली हिशेब दिला: त्याच जाडीचा खांब दुप्पट लांब केला, की तो चौथ्या हिश्शाच्या भारातच वाकतो. रेल्वे उन्हाळ्यात रुळांवर खास गस्त घालते ती याच भीतीनं. रूळ तापून लांबायला बघतो, पुढे जागा नसते, मग बाजूला फुगतो. आपल्याला मात्र हे फुगणं हवंय, ठरल्या जागी आणि ठरल्या वेळी.

वाकवलेली पट्टी. म्हणजे टिकटॉक पिनचंच तत्त्व. स्प्रिंग स्टीलची १०० मिमी लांब पातळ पट्टी घ्या, दोन्ही टोकं घट्ट आवळा आणि एक टोक स्क्रूनं फक्त १ मिमी आत ढकला. मधला भाग ६ मिमीहून जास्त उचलला जातो. म्हणजे इकडून तिकडे उडी साधारण १२-१३ मिमीची, एका मिलिमीटरच्या बदल्यात. एवढा भाव दुसरीकडे मिळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना ती आपली आपण टिकून राहते, धरून ठेवायला काही लागत नाही. स्क्रू फिरवला की उडीला लागणारा जोरही कमीजास्त करता येतो.

मधोमध हळू दाबून नीट बघा. पट्टी सरळ होऊन पलीकडे जात नाही. ती 'एस'सारखी वळते, एक अर्धा भाग आधी जातो, दुसरा मागून. खिडकीच्या दांड्याला ही वाकडी चाल सोसत नाही, दांडा अडकतो. उपाय सोपा आहे: दोन समांतर पट्ट्या लावा आणि मधोमध ठोकळ्यानं जोडा. मग मधला भाग तिरका होऊ शकत नाही. पट्टी आवळण्याऐवजी थ्रीडी प्रिंटरवर कमानीच्याच आकारात छापणार असाल, तर कमानीची उंची जाडीच्या किमान २.३ पट हवी, आणि तेही मधला भाग असा बांधलेला असेल तरच. त्याहून कमी असली तर दाब सोडल्यावर ती परत येते, पलीकडे टिकत नाही.

इथे माझी चूक सांगतो. पहिला नमुना मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापला. एप्रिलमध्ये टेबलावर झकास टक् टक् करत होता. मे महिन्यात ऊन मी म्हणायला लागलं, तेव्हा तो गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि संध्याकाळी हातात घेतला तर पट्टी शिळ्या पापडासारखी. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि खानदेशातल्या बंद गाडीला तिथवर जायला वेळ लागत नाही. दाजींनी उचलून बघितलं आणि म्हणाले, "हाई काय शे?" मला सांगता येईना. चौकटही प्लास्टिकची नको. १०० मिमी ॲक्रिलिकची चौकट २५ अंशांनी तापली, तर ती स्टीलपेक्षा साधारण ०.१५ मिमी जास्त वाढते. तुमच्या एका मिलिमीटरातला तेवढा दाब गेला, सकाळचं आणि दुपारचं गणित वेगळं झालं. चौकट लोखंडाचीच करा.

पट्टीची खरी अडचण ही की तिला तापमान कळत नाही. ढकलायला कोणीतरी लागतं.

द्विधातूची चकती. विजेच्या किटलीत असते ती. दोन धातू एकमेकांवर चिकटवलेले आणि बशीसारखा किंचित फुगवटा. तापताना ताण आत साठत जातो, बाहेरून फारसं दिसत नाही, आणि ठरल्या अंशाला बशी उलटी होते. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे पकडणाऱ्या झाडाचं पान याच पद्धतीनं मिटतं: आधी वळण हळूहळू बदलतं, मग सेकंदाच्या दहाव्या हिश्शात झडप. २००५ साली संशोधकांनी हे मोजून दाखवलं. चकतीचा मोठा गुण म्हणजे ती परत उलटते ते खालच्या तापमानाला, त्यामुळे ३५ च्या आसपास सतत उघडमीट होत नाही. पण हालचाल जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर खिडकी उघडणार नाही, स्विच मात्र छान दाबला जातो.

भोकांचा रबरी पत्रा. सिलिकॉनच्या पत्र्यात गोल भोकं चौकोनी जाळीत पाडायची आणि वरून दाबायचं. एका हद्दीपर्यंत काही विशेष नाही, मग सगळी भोकं एकदम लंबगोल होतात, एक उभं, शेजारचं आडवं. २००७ साली हे प्रयोगात दाखवलं गेलं. बघायला इतकं देखणं की परीक्षक खूश होतील. दाब काढला की ते मूळ आकारात येतं. पण दाबत राहावं लागतं, आणि वाऱ्यासाठी भोकं मोठी हवीत तिथे ती चपटी होतात. आपल्या कामाचं नाही.

मेणाचं नळकांडं. यात उडी नाहीच. मेण वितळताना फुगतं आणि दांडा हळूहळू बाहेर ढकलतं. परदेशी हरितगृहांत खिडक्या अशा उघडतात.

मी भाच्याला एकच प्रश्न विचारला: अर्धवट उघडलेलं चालतं का? खिडकीला चालतं, उलट बरंच. थोडं तापलं की थोडी उघडावी, जास्त तापलं की पूर्ण. रोपांना ३५ ला एकदम झोत कशाला? म्हणून दाजींच्या खिडकीला मेणच, आणि हे भाच्याला आवडलं नाही. फॉगरला, म्हणजे रोपांवर पाण्याचं धुकं उडवणाऱ्या नळ्यांना, मात्र अर्धवट अजिबात चालत नाही. दाब कमी पडला तर धुक्याऐवजी मोठे थेंब गळतात आणि कोवळी पानं भिजत राहतात. तिथे पंप एक तर चालू, नाही तर बंद. तिथे चकती घ्या, तयार मिळते. पंप थेट तिच्यावर लावू नका, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट सांभाळणारा स्विच, घाला.

मग पट्टी कुठे? पाण्याच्या टाकीवर. फ्लोट अर्धवट उचललेला असला की कॉक रात्रभर चुळचुळ गळतो. फ्लोट आणि कॉक यांच्यामध्ये ही जोडपट्टी बसवली, तर पाणी खूप उतरल्यावरच कॉक पूर्ण उघडेल आणि भरल्यावर पूर्ण बंद होईल. ढकलायला फ्लोट आहेच, तापमानाची भानगड नाही, वीज नाही. प्रोजेक्टचा विषय त्यानं गेल्या आठवड्यात बदलून घेतला. जुन्या गुंडाळीच्या स्टील टेपची पट्टी कापून बघ म्हणालो, पण तिला आडवा बाक असतो, तो सपाट होता होत नाही. शेवटी सपाट पट्टीच आणली. कापलेली कड कानशीनं नीट घासून घे एवढं त्याला दोनदा सांगितलंय, कारण कडेला खाच राहिली की पट्टी तिथूनच तुटते.