रॉयल फेस्टिव्हल हॉल: निळी बाजू, हिरवी बाजू

लंडनच्या साउथबँकवरील रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मैफल उत्तम होतेच. पण मला तिथली दिशादर्शनाची व्यवस्था अधिक मोलाची वाटली, म्हणून हा अभिप्राय तिच्यापुरताच आहे.

फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या १९५१ च्या महोत्सवासाठी बांधलेल्या या आधुनिकतावादी वास्तूत, शेजारच्या पुलावरून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून, प्रेक्षागृह जमिनीपासून उचलून मधोमध ठेवले आहे आणि जिने व दालने त्याच्या खाली व भोवती मांडली आहेत. मात्र दोन्ही बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असल्यामुळे मध्यंतरात बाहेर आलेल्या माणसाला आपण कोणत्या जिन्याने वर आलो हे चटकन आठवत नाही. यावर उपाय म्हणून एका बाजूला निळी आणि दुसरीला हिरवी म्हटले आहे. अशा इमारतीत 'डावीकडे' सांगून भागत नाही, कारण तोंड फिरवले की डावे उजवे होते. निळे मात्र निळेच राहते. शिवाय लाल आणि हिरव्यात गल्लत होणे ही रंगांधतेची सर्वांत आढळणारी तऱ्हा असल्याने, हिरव्याच्या जोडीला लाल न घेता निळा असणे सोयीचे आहे.

अलाइज अँड मॉरिसन या वास्तुरचनाकारांच्या देखरेखीखाली नूतनीकरण होऊन हा हॉल जून २००७ मध्ये पुन्हा उघडला. दालनांत वर्षानुवर्षे साचलेली अडगळ तेव्हा हटवली गेली आणि कार्यालये शेजारच्या नव्या इमारतीत नेली गेली. माझ्या मते फलकांचे निम्मे काम तिथेच झाले, कारण जिना समोर दिसत असेल तर त्याच्याकडे नेणारा बाण लावावा लागत नाही. आमच्याकडच्या एका नव्याने सजवलेल्या नाट्यगृहात प्रसाधनगृहाचा फलक जाहिरातीच्या फ्लेक्समागे गेला होता आणि तिसरी घंटा झाली तरी माझ्या वृद्ध आईला परतीची वाट सापडली नव्हती. तेव्हापासून कुठेही गेले की माझी नजर आधी फलक शोधते.

इथल्या काचेच्या लिफ्टचा उल्लेख मुद्दाम करतो. मार्टिन क्रीड यांच्या कलाकृतीमुळे लिफ्ट वर जाताना गायकवृंदाचे स्वर चढत जातात आणि खाली येताना उतरतात, त्यामुळे ज्याला फलक दिसत नाही त्यालाही आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत हे कळते. पाचव्या मजल्यावर निळ्या बाजूला कवितेचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे मी कोणालाही न विचारता पोहोचलो.